फोनवरील आगंतुक जाहिराती व त्यांचें निर्मूलन

सन २०२५ च्या खरिपांतील गोष्ट. करवीर तालुक्यांतील आमच्या वडिलोपार्जित जमिनींत थोरल्या बंधूंनीं सोयाबीन केलें होतें. ऑगस्टमध्यें पावसानें थोडी उघडीप दिलेली पाहून, ई-पीक पाहणीची नोंद करण्यासाठीं ते व मी असे दोघे बांधावर गेलों. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. त्यामुळें असल्या कामीं बंधूंस माझी सोबत लागते. गट नंबर निवडला, पिकाचें नांव निवडलें, क्षेत्र भरलें, आणि फोटो काढण्याची वेळ येतांच सर्व पडदा व्यापून एक जाहिरात उभी राहिली. रंगीत गोट्यांच्या कसल्याशा खेळाची ती होती. तिच्या कोपऱ्यांतील फुली इतकी बारीक कीं, शेतकऱ्याच्या राकट बोटास ती सांपडणें कठीण. बंधूंचें बोट फुलीऐवजीं भलतीकडेच पडलें व फोन त्यांस ॲपांच्या दुकानांत घेऊन गेला. तेथून परत येतों तों पीक पाहणीचें ॲप पुनः पहिल्या पानावर जाऊन बसलेलें! असें तीन वेळां झालें. चौथ्या वेळीं पाऊस आला.

घरीं येतांना बंधू एवढेंच म्हणाले, "तलाठी बांधावर येऊन उभा राहायचा तेव्हां त्याच्या तोंडापुढं कुणी असा फलक धरत नव्हतं."

हा लेख लिहिण्याचें कारण त्यांचें हें वाक्य. पूर्वीं गांव नमुना बारामध्यें पिकांची नोंद तलाठी करीत असे. त्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही नोंद स्वतःच्या फोनवरून करण्याचें काम शेतकऱ्याकडे आलें. सातबाऱ्यावर पीक लागलें नाहीं तर हमीभावानें माल घालतांना अडचण, नुकसानभरपाई मागतांना अडचण, पीककर्जाच्या वेळींहि विचारणा. म्हणजे जो फोन कालपर्यंत मुलांचें खेळणें होता तो आज दप्तराचा भाग झाला आहे. दप्तरावर कोणी चिकट कागद डकवून गेला तर कचेरींत त्याची चौकशी होते. फोनवर तोच प्रकार दिवसांतून पन्नास वेळां होतो आणि आपण तो निमूटपणें सोसतों. पावसाळ्यांत तर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली, ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली कीं ४३ फुटांची धोका पातळी गांठली, हें रात्रीं अपरात्रीं पाहावें लागतें. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनीं पाहिले त्यांस त्या आंकड्यापुढें आडवी येणारी जाहिरात किती संताप आणते हें सांगावयास नको.

त्या संध्याकाळीं आम्हीं जे उपाय केले ते बहुतेक चुकीचे होते. वाचकांनीं ते करूं नयेत म्हणून सांगतों. पहिला उपाय, जाहिरात दिसली कीं फुली दाबणें. ती दहा मिनिटांनीं पुनः येते. दुसरा, शेजारच्या मुलाच्या सांगण्यावरून "फोन स्वच्छ करणारें" एक ॲप उतरून घेणें. त्यानें स्वच्छता केली किंवा नाहीं हें कळलें नाहीं, परंतु त्यानें स्वतःच्या जाहिराती मात्र सुरू केल्या. चोर धरण्यासाठीं ठेवलेला राखणदारच परड्यांतलीं शेवग्याचीं शेंगें नेऊं लागावा तसें झालें. तिसरा, फोन घेऊन दुकानांत जाणें. दुकानदारानें न पाहतांच "फॉर्मॅट मारावा लागेल" असें सांगितलें. फॉर्मॅट म्हणजे फोनवरचें सर्व पुसून तो कोरा करणें. तसें केल्यानें त्रास जाऊं शकतो हें खरें; पण फोटो, हिशेब, गुळाच्या पट्ट्यांची चित्रें, सारेंच त्याबरोबर जातें. पायांत कांटा मोडला म्हणून कोणी पाय कापीत नाहीं. आम्ही फोन घेऊन परत आलों.

मग मीं शांतपणें विचार केला. ज्वारींत आणि आमच्याकडे उसांतहि टारफुला उगवतो, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचें वैशिष्ट्य असें कीं, तो दिसतो एका जागीं आणि त्याचें तोंड असतें दुसऱ्याच्या मुळांत. जमिनीवर तो दिसण्यापूर्वींच खालीं त्यानें पिकाचा रस ओढावयास आरंभ केलेला असतो. वरून शेंडा खुडून त्याचें कांहीं वांकडें होत नाहीं. फोनवरच्या ह्या जाहिरातीचें तसेंच आहे. ती पीक पाहणीच्या ॲपवर दिसली म्हणून तिचें मूळ तेथें आहे असें नव्हे. मूळ दुसऱ्याच एखाद्या ॲपांत असतें, आणि तें ॲप त्या वेळीं उघडलेलेंहि नसतें. त्यास "इतर ॲपांवर दिसण्याची" परवानगी आपणच कधींतरी दिलेली असते. सन २०१९ मध्यें आलेल्या अँड्रॉइड १० पासून, मागें लपलेल्या ॲपास मनाला येईल तेव्हां पडद्यावर येण्यास आडकाठी करण्यांत आली; परंतु ही परवानगी ज्याच्यापाशीं असेल त्यास ती आडकाठी लागत नाहीं. म्हणून अशीं ॲपें उतरून घेतांक्षणींच ती मागतात, आणि आपण वाचण्यापूर्वींच "होय" दाबून मोकळे होतों.

मूळ शोधण्याची सर्वांत सोपी युक्ति अशी. जाहिरात समोर असतांना तिला हात न लावतां फोनचें चौकोनी बटन दाबावें. ज्या फोनांस बटनें नाहींत त्यांत खालच्या कडेवरून बोट वर नेऊन क्षणभर थांबवावें. चालू असलेल्या ॲपांचीं पत्तीं एका ओळींत दिसतात. जाहिरात ज्या पत्त्यावर असेल त्याच्या माथ्यावर तिच्या मालकाचें चिन्ह असतें. त्या चिन्हावर बोट धरून ठेवल्यास ॲपची माहिती उघडते व तेथेंच तें काढून टाकण्याची सोय असते. निम्म्याहून अधिक वेळां काम एवढ्यावर भागतें.

बंधूंच्या फोनवर तें भागलें नाहीं. पत्त्यावर कोरें पांढरें चिन्ह होतें आणि नांवाच्या जागीं कांहींच नव्हतें! लबाड ॲपें आपलें चिन्ह लपवितात हें मला तोंवर माहीत नव्हतें. तेव्हां दुसरा मार्ग धरला. सेटिंग्जमध्यें "ॲप्स", त्यांत "विशेष ॲप ॲक्सेस", आणि त्यांत "इतर ॲप्सवर डिस्प्ले करा" अशी यादी असते. शब्द फोनागणिक थोडे बदलतात; सेटिंग्जच्या वर शोधण्याची जागा असते, तेथें "डिस्प्ले" एवढें लिहिलें तरी सांपडतें. ज्यांस परवानगी आहे अशीं नऊ ॲपें बंधूंच्या फोनांत निघालीं. त्यांपैकीं दोन त्यांच्या उपयोगाचीं. बाकी सातांची परवानगी बंद केली. बिनवारस माणसाचें नांव कब्जेदार सदरीं लागलेलें पाहून अव्वल कारकुनास जसें वाटतें तसें मला ती यादी वाचतांना वाटलें.

परवानगी काढल्यावर जाहिरात थांबते, पण ॲप आंत राहतेंच. तें काढण्यासाठीं, आणि कोणतें काढावें ह्याची खात्री करण्यासाठीं, "सुरक्षित मोड" नांवाची सोय फार उपयोगी आहे. फोन बंद करण्याचें बटन दाबून धरावें. पडद्यावर "बंद करा" असा पर्याय येतो, त्यावर बोट तसेंच दाबून ठेवलें कीं बहुतेक फोन सुरक्षित मोडमध्यें सुरू करावा काय असें विचारतात. ह्या स्थितींत आपण बाहेरून आणलेलीं सर्व ॲपें निजलेलीं असतात. एक तासभर जाहिरात आली नाहीं म्हणजे अपराधी त्यांतलाच, हें सिद्ध झालें. मग शेवटीं आणलेल्या ॲपापासून आरंभ करून एकेक काढावें. एखादें निघतच नसेल, "अनइंस्टॉल" हें बटन फिकट दिसत असेल, तर त्या ॲपानें फोनचें कारभारीपण मिळविलें आहे असें समजावें. सेटिंग्जमध्यें "डिव्हाइस ॲडमिन" शोधून तेथील अधिकार प्रथम काढावा, मग तें निमूटपणें जातें. फोन नेहमीप्रमाणें पुनः सुरू केला कीं सुरक्षित मोड संपतो.

आतां अपराधी कोण निघाला तें सांगणें भाग आहे. सातबारा पाहण्यासाठीं म्हणून उतरून घेतलेलें एक ॲप. नांवांत "सातबारा", चिन्हावर हिरवें शेत, वर तिरंग्याची पट्टी. आंत सरकारच्याच संकेतस्थळाचें पान दाखवीत असे आणि प्रत्येक पानामागें एक जाहिरात. तें बंधूंच्या फोनांत दोन वर्षांपूर्वीं मींच बसवून दिलें होतें. ज्यानें सारी हयात उताऱ्यावरील सही-शिक्का तपासण्यांत घालविली, शिक्का अस्पष्ट म्हणून अर्जदारांस परत पाठविलें, त्यानें हें ॲप कोणी काढलें एवढें एक पाहिलें नाहीं. बंधूंस हें सांगितल्यावर ते कांहीं बोलले नाहींत. वहिनी मात्र हंसल्या.

शिक्का पाहण्याची रीत अशी. गूगलच्या प्ले स्टोअरमध्यें ॲपच्या नांवाखालीं तें करणाराचें नांव असतें. सातबारा, पीक पाहणी, पीएम-किसान ह्या नांवांचीं खासगी ॲपें तेथें पुष्कळ आहेत. नांवावर जाऊं नये, करणारावर जावें. २०२४ सालापासून गूगलनें खऱ्या सरकारी ॲपांस निराळें ओळखचिन्ह देण्यास आरंभ केला आहे, तेंहि पाहावें. सातबाऱ्यासाठीं तर ॲपाची गरजच नाहीं. महाभूमीच्या सरकारी संकेतस्थळावर तो विनाशुल्क पाहतां येतो, व डिजिटल सहीचा हवा असल्यास पंधरा रुपये भरून मिळतो. पत्त्याच्या शेवटीं "गव्ह डॉट इन" आहे ना, एवढें बघितलें म्हणजे झालें.

सर्वच जाहिराती ॲपांतून येतात असें मात्र नाहीं. ऊसतोडीची बातमी किंवा बाजारभाव पाहण्यास एखादें पान उघडलें कीं तें "सूचना पाठवूं काय" म्हणून विचारतें. आपण "अनुमति द्या" दाबतों, आणि त्या दिवसापासून पडद्याच्या वरच्या बाजूस "तुमच्या फोनांत चार विषाणु सांपडले" अशा धमक्या येऊं लागतात. विषाणु वगैरे कांहीं नसतो. तो भीति घालून आणखी एक ॲप गळ्यांत मारण्याचा प्रकार आहे. त्यावर न दाबतां क्रोम उघडावें, वरच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, मग "साइट सेटिंग्ज", मग "सूचना". ज्या ज्या स्थळास आपण अनुमति दिली त्यांची यादी तेथें असते. अनोळखी नांवें काढून टाकावीं. त्याच ठिकाणीं "पॉप-अप आणि रीडिरेक्ट" असा पर्याय आहे, तो बंद ठेवावा.

तिसरा प्रकार सिमकार्डाचा. पडद्याच्या मध्यभागीं काळ्या अक्षरांत एखाद्या गाण्याची किंवा क्रिकेटच्या सेवेची चौकट येते व खालीं "ओके" असतें. घाईंत तें दाबलें कीं कधीं कधीं शिलकींतून पैसे कापले जातात. ॲपांच्या यादींत "सिम टूलकिट" म्हणून एक चिन्ह असतें. त्यांत शिरून कंपनीच्या त्या सेवेपुढें "स्टॉप" निवडलें म्हणजे चौकटी बंद होतात. जाहिरातींचे फोन व संदेश थांबविण्यासाठीं १९०९ ह्या क्रमांकावर "स्टार्ट ०" असा संदेश इंग्रजींत पाठवावा. बँकेचे व्यवहाराचे संदेश त्यामुळें थांबत नाहींत. कांहीं स्वस्त फोनांत तर फोन करणारी कंपनीच कुलुपाच्या पडद्यावर जाहिराती दाखविते. त्या सेटिंग्जमधून बंद करतां येतात, पण प्रत्येकाची वाट निराळी असल्यानें येथें विस्तार करीत नाहीं. आयफोनांत एका ॲपावर दुसऱ्या ॲपानें चढून बसण्याची सोयच नसल्यानें पहिल्या प्रकारचा त्रास तेथें नाहीं, संकेतस्थळांचा आहे.

एका गोष्टीस मात्र हात लावूं नये. आपत्तीच्या वेळीं सरकारकडून मोठ्या आवाजासह पडदा व्यापणारा इशारा येतो. त्याच्या चांचण्या २०२३ सालीं देशभर झाल्या, तेव्हां अनेकांनीं तो ऐकला असेल. जाहिरातींच्या रागांत तो बंद करणारे गृहस्थ मला भेटले आहेत. नदीकांठच्या गांवांनीं तर तो चालू आहे ना ह्याची खात्री करून घ्यावी.

हा व्यापार चालतो कसा? ॲप फुकट मिळतें, पण त्याच्या कर्त्यास प्रत्येक हजार वेळां जाहिरात दिसली कीं ठराविक रक्कम मिळते, आणि कोणी तीवर दाबलें तर अधिक. मधले दलाल पुष्कळ. जाहिरात देणारा व्यापारी आपली जाहिरात कोणाच्या बांधावर, कोणत्या वेळीं, कशावर आडवी पडली हें बहुधा जाणतहि नाहीं. फुली बारीक ठेवण्यांत नफा आहे म्हणून ती बारीक असते. ह्या प्रकाराचा उगम मोठा चमत्कारिक आहे. १९९० च्या दशकांत अमेरिकेंत ट्रायपॉड नांवाच्या कंपनींत ईथन झुकरमन हे काम करीत. एका मोटार कंपनीची जाहिरात एका असभ्य पानावर छापली गेल्यानें तक्रार आली. तेव्हां पान आणि जाहिरात निराळीं असावींत म्हणून जाहिरातीसाठीं वेगळी खिडकी उघडण्याची तजवीज त्यांनीं लिहिली. हेतु वाईट नव्हता. २०१४ सालीं मात्र एका मासिकांत लेख लिहून त्यांनीं ह्याबद्दल क्षमा मागितली.

जाहिरात ही वस्तु मुळांत वाईट आहे असें माझें मत नाहीं. किर्लोस्करवाडीहून १९२० सालीं निघालेलें "किर्लोस्कर खबर" हें मूळचें कारखान्याचेंच पत्रक. त्यांतील नांगर-चरकांची माहिती शेतकऱ्यांनीं आवडीनें वाचली. ह्या मासिकाच्या मलपृष्ठावरहि बियाण्यांच्या जाहिराती असतात. पण त्या आपल्या जागीं थांबतात, वाचक पान उलटील तेव्हां त्याला भेटतात. पानावरून उठून वाचकाच्या डोळ्यांवर हात ठेवणारी जाहिरात ही शेजाऱ्याच्या बांधावरून आंत आलेल्या जनावरासारखी आहे, मग ती कितीहि चांगल्या मालाची असो.

कोंडवाडा अगदींच नाहीं असें नाहीं. फेब्रुवारी २०२० मध्यें गूगलनें अशा आडव्या जाहिराती दाखविणारीं सुमारें सहाशें ॲपें आपल्या दुकानांतून काढून टाकलीं. ३० सप्टेंबर २०२२ पासून, पंधरा सेकंदांनंतरहि बंद करतां न येणारी पूर्ण पडद्याची जाहिरात तेथें निषिद्ध आहे. बक्षिसासाठीं आपण होऊन पाहिलेली जाहिरात तेवढी वगळली आहे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं फसव्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून त्यांस मनाई केली. वेष पालटलेली जाहिरात, पुनःपुनः टोंचणी लावणें आणि विषाणूची खोटी भीति घालणें हे प्रकार त्यांत येतात. तक्रारीसाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. असें असतां जाहिराती थांबल्या नाहींत हें खरें, कारण एक ॲप काढलें कीं तोच कर्ता दुसऱ्या नांवानें हजर होतो. टारफुल्याचें बीं जमिनींत कित्येक वर्षें जिवंत राहतें. म्हणून दर हंगामास तो उपटावा लागतो, तसेंच येथें दोन महिन्यांतून एकदां ती परवानगीची यादी पाहणें बरें.

जाहिरात वेळ खाते; व्हॉट्सॲपवर येणारी "एपीके" फाईल घर खाते. पीएम-किसानचा हप्ता, गाडीचें चलान, लग्नपत्रिका अशा नांवांनीं त्या येतात. तें ॲप दुकानाबाहेरून थेट फोनांत शिरतें, संदेश वाचण्याची परवानगी मागतें, आणि बँकेचा आंकडी संकेत परस्पर पळवितें. ओळखीच्या माणसाकडून आली म्हणूनहि उघडूं नये. त्याचा फोन आधींच गेलेला असूं शकतो. सेटिंग्जमध्यें "अज्ञात ॲप्स इंस्टॉल करा" ह्याखालीं व्हॉट्सॲपची परवानगी बंद ठेवावी. दुर्दैवानें पैसे गेलेच तर त्याच घटकेस १९३० ह्या क्रमांकावर कळवावें. तेथें मिनिटांस मोल आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही पुनः बांधावर गेलों. फोटो निघाला, कोपऱ्यांत माझी छत्री आली, तरी नोंद स्वीकारली गेली. सातबाऱ्यावर सोयाबीन लागलें. बंधू आतां कोणतेंहि ॲप परवानगी मागूं लागलें कीं फोन माझ्यापुढें धरतात आणि विचारतात, "ह्याचा शिक्का बघितलास काय?" वहिनींच्या फोनांत अभंगांचें एक ॲप आहे, त्यांत दर दोन अभंगांमागें साबणाची जाहिरात येते. तें काढूं म्हटलें तर त्या ऐकत नाहींत. म्हणतात, "राहूं दे भाऊजी, तेवढ्यांत माझी एक भाकरी थापून होते."